राउटर टेबलखाली कायमचा बसवायला ताकदीचा राउटर कोणता? सव्वातीन एचपी लागतोच का?

सागवानी:

नमस्कार मंडळी. टेबल उभं राहिलं, वर लॅमिनेट लावलेला जाड एमडीएफ, सरकती फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी), मायटरची खाच, सगळं झालं. आता खाली राउटर, म्हणजे बिट फिरवून लाकूड कोरणारं यंत्र, बसवायचाय आणि तो परत काढायचा नाहीये, कायमचा तिथेच राहणार. आत्ता माझ्याकडे पाव इंची कॉलेटचा (बिटाची दांडी पकडणारा भाग) छोटा ट्रिमर आहे, कडा गोल करायला आणि लॅमिनेट छाटायला मस्त चालतो, पण मला करायचीत कपाटाची दारं, चारी बाजूंनी चौकट आणि मध्ये कडेला उतार दिलेलं भरीव लाकडाचं पॅनल. म्हणजे चौकटीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या जोडासाठी रेल-स्टाइलचा बिटांचा सेट आणि पॅनलसाठी ते मोठं आडवं बिट, साडेतीन इंच व्यासाचं. ट्रिमरने हे होणार नाही एवढं कळतंय.

पुढे मात्र गोंधळ आहे. एकावर सव्वादोन एचपी लिहिलंय, दुसऱ्यावर सव्वातीन, तिसऱ्यावर नुसते वॅट. कुणी म्हणतं फिक्स्ड बेसची मोटर घेऊन लिफ्ट (मोटर वर-खाली करणारी यंत्रणा) बसवा, कुणी म्हणतं मोठा प्लंज राउटर (ज्याची मोटर बेसवरच वर-खाली सरकते तो) घ्या लिफ्टची गरजच नाही. एकदाच घ्यायचाय आणि नीट घ्यायचाय, त्यामुळे ज्यांनी टेबलवर खरंच मोठी बिटं चालवलीत त्यांनी सांगा की ताकद किती लागते आणि ताकदीशिवाय अजून काय बघायचं.

चारसुती:

पहिली गोष्ट, एचपीचा आकडा बाजूला ठेवा आणि खोक्यावर अँपिअर नाहीतर वॅट काय लिहिलेत ते वाचा. हिशोब सोपा आहे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे सव्वातीन एचपी झाले जवळपास २४२५ वॅट. आता जिथे १२० व्होल्टची वीज असते तिथे हाच सव्वातीनवाला राउटर १५ अँपिअरचा असतो, १५ गुणिले १२० म्हणजे १८०० वॅट. आत १८०० जातायत तर बाहेर २४२५ कसे येतील? येत नाहीत. तो आकडा मोटर अगदी बंद पडायच्या आधी क्षणभर जो जोर दाखवते त्याचा असतो, तेवढ्यावर काम होत नाही. सव्वादोनवाल्याचंही तेच, बॉशचा १६१७ बघा, १२ अँपिअर म्हणजे १४४० वॅट, आणि सव्वादोन एचपीचे होतात १६७८. २३० व्होल्टच्या राउटरवर बहुतेक सरळ वॅटच लिहितात, पण तेही आत जाणारे वॅट, त्यातला काही भाग उष्णतेत जातोच. तरी तुलना करायला तोच आकडा बरा. म्हणजे २३० व्होल्टवरचा १६०० वॅटचा राउटर आणि १२० व्होल्टवरचा "सव्वातीन एचपी"वाला यांच्यात नावावरून वाटतं तेवढं अंतर नाही, हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो.

दुसरं आणि माझ्या मते ताकदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे स्पीड. साडेतीन इंची बिट म्हणजे ८९ मिमी, ते २२,००० आरपीएमवर फिरवलं तर त्याच्या टोकाची धार सेकंदाला १०० मीटरच्या वर जाते, तासाला साधारण ३७० किलोमीटर. एवढ्या वेगात ते बिट थरथरतं, लाकूड जाळतं आणि कार्बाइडचा तुकडा सुटला तर पुढे उभ्या माणसाला वाचायला वेळ नाही. तेच १०,००० वर आणलं की टोकाचा वेग १७० किमीच्या आसपास येतो, इंचभर व्यासाच्या बिटाचा पूर्ण स्पीडला जेवढा असतो त्याच्या साधारण दीडपट, पण चालण्यासारखा. म्हणून मोठ्या बिटासाठी व्हेरिएबल स्पीड हवाच हवा, आणि तो १०,००० पर्यंत किंवा त्याच्याही खाली जाणारा हवा. साधारण चाल अशी की इंचापर्यंतचं बिट पूर्ण स्पीड, दोन इंचाला १८,०००, अडीचला १६,०००, तीनला १२,००० आणि साडेतीनला १०,०००, पण बिटाच्या पाकिटावर कमाल आरपीएम छापलेला असतो तो शेवटचा शब्द.

आणि तिसरं, स्पीड नुसता कमी करता येणं वेगळं आणि लाकूड लागल्यावर तो तेवढाच टिकणं वेगळं. चांगल्या राउटरमध्ये इलेक्ट्रॉनिक फीडबॅक असतो, भार आला की सर्किट स्वतःहून जास्त करंट सोडतं आणि फेरे पडू देत नाही. हे नसेल तर १०,००० वर लावलेलं बिट कडक लाकडात शिरलं की ७-८ हजारांवर येतं, तुम्ही नकळत हात हळू करता, बिट एकाच जागी घासत राहतं आणि काळा डाग पडतो. तो डाग मग उताराच्या गोलाईतून घासून काढणं म्हणजे जीव जातो. सॉफ्ट स्टार्ट पण बघा, एवढं जड बिट झटक्यात सुरू झालं तर अख्खं टेबल हिसका खातं.

पटाशी_रंधा:

चारसुती दादांनी मोटरचं सांगितलं, मी टेबलचं सांगते, कारण हातात धरायला उत्तम असलेला राउटर टेबलखाली उलटा टांगला की वैताग देऊ शकतो.

तुम्हाला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा करायच्या गोष्टी दोन, उंची बदलणं आणि बिट बदलणं. प्रत्येक वेळी वाकून टेबलखाली डोकं घालून नॉब फिरवायचा असेल तर चार दिवसांत कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस एकाच पासमध्ये जास्त लाकूड काढायला जातो. म्हणून दोन प्रश्न विचारा, उंची वरून हँडलने फिरवता येते का, आणि कॉलेट टेबलच्या पातळीच्या वर येतो का.

ट्रायटनचा टीआरए००१ लोक टेबलसाठी घेतात तो याच दोन कारणांसाठी. २३० व्होल्टवर २४०० वॅट, स्पीड ८,००० ते २१,०००, वरून हँडल घालून उंची बदलते, पूर्ण वर फिरवला की स्पिंडल आपोआप लॉक होतो आणि एकाच पान्याने बिट निघतं. प्लंजची स्प्रिंग टेबलसाठी काढून ठेवता येते, ती काढाच, नाहीतर उंची वाढवताना वजन आणि स्प्रिंग दोन्हीशी भांडावं लागतं. एक गोष्ट मात्र आधी माहीत असू दे, त्याचा स्विच बंद असल्याशिवाय कॉलेट शेवटपर्यंत वर येतच नाही, सुरक्षेसाठी तशी रचना आहे. म्हणजे तुम्ही टेबलला बाहेरून स्विच लावला तरी बिट बदलताना खाली हात घालून राउटरचा स्विच बंद करावा लागणार आणि नंतर परत चालू. मला यात काही वावगं वाटत नाही, बिटाला हात लावताना मशीन दोन ठिकाणी बंद असलेलं बरंच.

मकिताचा आरपी२३०१एफसी (२१०० वॅट, ९,००० ते २२,०००) आणि डिवॉल्टचा डीडब्ल्यू६२५ (२००० वॅट, ८,००० ते २०,०००) ही दोन्ही मशीनं फार गुळगुळीत चालतात, प्लंज लोण्यासारखा. पण ती मुळात हातात धरून चालवायची यंत्रं आहेत. टेबलखाली लावता येतात, लावतात लोक, फक्त वरून उंची बदलायची सोय वेगळी जोडावी लागते.

लिफ्टबद्दल: लिफ्टमध्ये प्लंज राउटर बसत नाही, त्यात बेस काढलेली नुसती गोल मोटर पकडायची असते. पोर्टर-केबल ७५१८ ची मोटर ४.२ इंच व्यासाची आणि बऱ्याच मोठ्या लिफ्ट त्याच मापाभोवती बनल्यात, छोट्या मोटरसाठी आत रिंग घालतात. लिफ्टचा स्क्रू अचूक असतो आणि ती लॉक झाली की हलत नाही, वारंवार वेगवेगळी बिटं लावणाऱ्याला ते सुख आहे. तुम्ही दारंच करणार असाल तर वरून फिरणारा प्लंज राउटर पुरेल असं माझं मत.

कडाकोपरा:

मी थोडं वेगळं म्हणतो, रागावू नका. एवढा मोठा राउटर लागतोच असं नाही.

तुमच्या दारातलं काम नीट बघा. रेल-स्टाइलची बिटं साधारण दीड-पावणेदोन इंच व्यासाची, ती १४००-१६०० वॅटचा व्हेरिएबल स्पीडचा राउटर आरामात ओढतो. राहिलं पॅनल. त्यासाठी उभं पॅनल बिट पण मिळतं, व्यास फक्त दीड इंचाच्या आसपास, पॅनल आडवं न ठेवता उंच फेन्सला टेकवून उभं चालवायचं. टोकाचा वेग कमी, मोटरवर ताण कमी, बिट बोटांपासून लांब. हो, मोठं पॅनल उभं धरून सरकवायला उंच आणि काटकोनात घट्ट बसलेली फेन्स लागते, फेदरबोर्ड (लाकूड दाबून धरणारी दातेरी फळी) लागतो, आणि वरून कमान असलेलं पॅनल त्यावर होत नाही, कारण उभं धरल्यावर कमानीची कड टेबलवर सरळ टेकत नाही. पण सरळ चौकोनी पॅनल असेल तर उत्तम.

आणि आडवंच बिट वापरायचं ठरवलं तरी एका दमात कोण कापतंय? फेन्स पुढे आणून बिटाचा थोडाच भाग उघडा ठेवायचा, पास घ्यायचा, फेन्स मागे, पुन्हा पास. एका वेळी एक सूत (इंचाचा आठवा भाग), कडक लाकूड असेल तर त्याहून कमी. टेबल सॉ असेल तर उताराचं बहुतेक लाकूड आधी पातं तिरकं करून कापून टाकायचं, मग राउटरला फक्त आकार द्यायचाय. शेवटचा पास अर्धा मिलिमीटरचा, न थांबता, एका चालीत. असं केलं तर मध्यम राउटरनेही पृष्ठभाग असा येतो की पॉलिश पेपर दोनदा फिरवला की काम झालं.

वजनाचाही विचार करा. मोठे राउटर ६ किलोच्या आसपास असतात, ते रोज प्लेटला लोंबकळणार. प्लेट पातळ असेल किंवा टेबलाला खालून आधार नसेल तर मधोमध पोटात येतं, आणि टेबल मध्ये खोल झालं की जोड कधीच सपाट बसत नाही, माणूस बिटाला दोष देत बसतो. सरळ पट्टी तिरकी ठेवून अधूनमधून बघत राहायचं, खालून उजेड दिसायला नको.

चारसुती:

कडाकोपरा यांचं पासचं म्हणणं शंभर टक्के मान्य, मोठा राउटर असला तरी पास तसेच घ्यायचे. पण मोठ्या मोटरचा फायदा वेगळाच आहे. तीच मोटर निम्म्या जोरावर चालली की तापत नाही, आणि दहा दारांची वीस उभी आणि वीस आडवी कामं सलग करायची असतात तेव्हा ते जाणवतं. मध्यम राउटर हळू स्पीडवर तासभर चालवला की आणखी एक अडचण, त्याचा पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो, फेरे कमी म्हणजे वाराही कमी. ज्या स्पीडला सगळ्यात जास्त जोर लावायचा नेमकं तिथेच थंडावा कमी मिळतो. म्हणून मी म्हणतो बिट मोठं असेल तर मोटरमध्ये ताकद शिल्लक असलेली बरी.

भुसाच_भुसा:

सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्राचा) स्पिंडल लावायचा विचार केलाय का कुणी? २.२ किलोवॅट, व्हीएफडीवर (फेरे कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह), आवाज जवळजवळ नाही, ८० मिमीची गोल बॉडी त्यामुळे काही लिफ्टमध्ये रिंग लावून बसेल पण.

चारसुती:

छोट्या बिटांना फारच छान, आवाजासाठी तर नक्कीच. पण २.२ किलोवॅट हे २४,००० आरपीएमला. टॉर्क साधारण तेवढाच राहतो आणि पॉवर फेऱ्यांबरोबर खाली येते, त्यामुळे १०,००० ला हातात ९०० वॅटच उरतात. राउटरच्या युनिव्हर्सल मोटरचा जोर फेरे पडले की वाढतो, याचा तसा वाढत नाही. नेमकं पॅनलच्या बिटालाच कमी पडेल. दारं हाच धंदा असेल तर मग स्पिंडल मोल्डरच (उभ्या दांड्यावर मोठे कटर फिरवणारं यंत्र) घ्यावा, तो मुळातच हळू फिरतो आणि त्याची इंडक्शन मोटर दिवसभर चालायला बनवलेली असते.

सागवानी:

खूप मनापासून आभार सगळ्यांचे, वॅटचा हिशोब आणि वरून उंची बदलायचा मुद्दा हे दोन्ही मला कुठेच सापडले नव्हते. माझं मन आता वरून फिरणाऱ्या मोठ्या प्लंजकडे झुकतंय, सुरुवातीची दारं चौकोनीच आहेत तर उभं बिट पण घेऊन बघतो, कमानीचं नंतर. आता तीन शंका. एक, मला बिटं काही १२ मिमी शँकची (दांडीची) मिळतायत आणि काही अर्धा इंची, अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे तर एकाच कॉलेटमध्ये चालतील का? दुसरं, राउटर खाली पेटीत बंद केला तर भुशाने मोटर खराब होईल का? तिसरं, बाहेरचा स्विच कसला लावू?

पटाशी_रंधा:

पहिल्याचं उत्तर ठाम नाही! अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. फरक पाऊण मिलिमीटरचा झाला आणि कॉलेट इतका आवळला जात नाही. १२ मिमीचं बिट अर्धा इंची कॉलेटमध्ये कितीही जोर लावून कसलं तरी ते फक्त दोन-तीन रेषांवर पकडलेलं असतं, कापताना हळूहळू वर सरकतं किंवा सुटतं. एकच माप ठरवा आणि पुढची सगळी मोठी बिटं त्याच मापात घ्या. कॉलेटच्या आत घालायची स्लीव्ह मिळते, ती छोट्या बिटांपुरती ठीक, पॅनलच्या बिटाला अजिबात नको. शँक जाड हवा याचं कारण पण सांगते, कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, पाव इंचाचा अर्धा इंच केला की १६ पट. त्या मानाने १२ आणि १२.७ मध्ये सव्वापटच फरक आहे, दोन्हीपैकी जे सहज मिळेल ते घ्या.

बिट लावताना तळाला टेकेपर्यंत घालायचं आणि मग २-३ मिमी वर ओढून कसायचं, तळाला टेकलेलं राहिलं तर कॉलेट आवळताना बिटाला खाली यायला जागा उरत नाही आणि पकड खोटी बसते. नट सोडताना एकदा ढिला होऊन परत घट्ट लागतो तेव्हा घाबरू नका, चांगल्या कॉलेटमध्ये नटच कॉलेटला बाहेर ओढतो, दुसऱ्यांदा पाना लावला की सुटतं. आणि कॉलेट अधूनमधून पितळी ब्रशने आतून साफ करा, चीक आणि भुसा जमला की तिथूनच घसरायला सुरुवात होते.

कडाकोपरा:

पेटी बंद करा पण हवेला वाट ठेवा. मोटर थंड राहायला हवा ओढते, पेटीला आत यायला भोकच नसेल तर ती तोच भुसा आणि तीच गरम हवा फिरवत बसते. पेटीच्या दाराला खाली भोकं पाडा, मागून १०० मिमीचा पाइप डस्ट कलेक्टरला, आणि फेन्सच्या मागे वेगळा छोटा पाइप, कारण पॅनलचा भुसा बहुतेक वरच उडतो, खाली येतच नाही. शेजारी चाललेलं बोलणं ऐकू येणार नाही एवढा आवाज असतो, कानाला मफ लावल्याशिवाय चालू करू नका. कार्बन ब्रश बाहेरून काढता येतात का तेही घेतानाच बघा, उलट्या टांगलेल्या राउटरचे ते बदलताना कळतं किती फरक पडतो.

स्विच नो-व्होल्ट रिलीजवाला लावा, मोठं लाल बटण, गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल अशा उंचीवर. वीज गेली आणि परत आली तर मशीन आपलं आपण सुरू होत नाही, हे सगळ्यात मोठं. बाहेरून स्पीड कमी करायचा डबा मात्र लावू नका, राउटरमध्ये स्वतःचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असताना दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि सर्किट जळतं.

चारसुती:

अजून थोडं, कारण हे टेबलवर पहिल्यांदा मोठं बिट लावणाऱ्याला कुणी सांगत नाही. उलटा टांगल्यावर बिट वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे फेन्सला टेकवून लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे सरकवायचं. उलट दिशेने ढकललं तर बिट लाकूड हिसकावून घेतं आणि मागे हात जातो. लाकूड बिट आणि फेन्सच्या मध्ये कधीच घालायचं नाही, फेन्स बिटाच्या मागेच. मोठ्या बिटाला फेन्समधली फट जेवढी लहान ठेवता येईल तेवढी ठेवा, प्लेटमधली रिंग पण बिटाच्या जेमतेम बाहेर येणारी निवडा.

पॅनलला आधी लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात त्या दोन कडा करायच्या, मग रेषेच्या दिशेच्या दोन. आडव्या कडेला शेवटी कपची उडतेच, आणि ती उडाली तरी पुढच्या पासमध्ये निघून जाते. उलट क्रमाने केलं तर ती कपची तुमच्या तयार कडेवर राहते. प्रत्येक सेटिंगला सगळी पॅनलं एकदा फिरवून घ्या आणि मगच फेन्स हलवा, म्हणजे सगळ्या दारांचा उतार एकसारखा येतो. त्याच जाडीची एक जादा फळी सोबत तयार ठेवा, उंची बदलली की आधी तिच्यावर पास घेऊन कडेची जीभ चौकटीच्या खाचेत घालून बघायची. ती हाताने सरकून आत गेली पाहिजे, ठोकावी लागता कामा नये, कारण दमट हवेत पॅनल फुगतं आणि त्याला खाचेत हलायला जागा लागते.